उजवीकडची पानं

जनरल राजवाडकर स्वतःच्या हाताने दार उघडत नसे. बंद दार आलं की तो त्याच्यापासून दोन पावलांवर थांबायचा, हात मागे बांधायचा आणि वाट बघायचा. कोणी ना कोणी धावत यायचंच. एकदा त्याचा गडी बाजाराला गेलेला आणि बायको देवळात. हा स्वतःच्या बंगल्याच्या व्हरांड्यात भर उन्हात पाऊण तास उभा राहिला. दाराला कुलूप नव्हतं. ते नुसतं लोटलेलं होतं. भूगावला मॉल झाला तेव्हा तिथलं काचेचं दार त्याला पाहून आपोआप सरकलं, तर हा थांबला आणि दाराला ‘शाबास’ म्हणाला. मी शेजारी होतो. मी हसलो. त्या काळात मी त्याच्या प्रत्येक बोलण्याला हसत असे.

मी शाळेत तेहतीस वर्षं मराठी शिकवलं. बारा वर्षांपूर्वी या माणसाच्या पंचाहत्तरीनिमित्त जो गौरवग्रंथ निघाला, तो मी लिहिला. त्यात अडीचशे पानं मी त्याला ‘ते’ म्हटलं, ‘त्यांनी’ म्हटलं, दोन ठिकाणी तर ‘सेनापती’सुद्धा म्हटलं. इथे मी त्याला ‘तो’ म्हणणार आहे. मेलेल्या माणसाला एकेरी हाक मारायला काही धैर्य लागत नाही, हे मला कळतं. तो जिवंत असताना माझं तोंड उघडलं नाही, हेही सुरुवातीलाच सांगून टाकतो.

आमचं गाव मुळशी तालुक्यात, उरवड्याच्या पलीकडे. कारखाने यायच्या आधी इथल्या पोरांना दोनच वाटा होत्या, भात लावणं नाहीतर फौज. त्यामुळे घराआड एक फौजी. गावात एक जुनी रीत आहे. पंधरा ऑगस्टला शाळेपुढचा झेंडा सरपंच फडकवत नाही, गावात जन्मलेल्या, हयात माजी सैनिकांतला वयाने सर्वांत थोरला फडकवतो. बाकीचे पदकं लावून वयाप्रमाणे रांगेत उभे राहतात. रांगेतला पहिला गेला की दुसरा एक पाऊल पुढे सरकतो. आपली पाळी केव्हा येणार याचा हिशेब प्रत्येकाच्या घरात पक्का असतो. बायका चेष्टेने म्हणतात, “आमच्या धन्यांच्या म्होरं अजून तिघं हायेत.”

राजवाडकर मूळचा पुणे शहरातला. निवृत्त झाल्यावर त्याने गावावरच्या टेकडीला दोन एकर घेतले आणि बंगला बांधला. आमच्या गावाचं नाव त्याला ठाऊक झालं ते किसन शेडगे यांच्यामुळे. एकाहत्तरच्या लढाईच्या आधी काही महिने सरहद्दीपलीकडे तिथल्याच तरुणांनी बंड पुकारलं होतं. त्यांच्या टोळ्या बांधायला आपले काही अधिकारी गुपचूप पलीकडे गेले. राजवाडकर तेव्हा मेजर होता आणि नाईक किसन शेडगे त्याचा सहायक. परक्या मुलखात पावसाच्या झडीत बसल्या बसल्या किसनदादा साहेबाला आपल्या गावाचं वर्णन सांगायचे, की आमच्या टेकडीवरून धरणाचं पाणी कसं दिसतं. तीस वर्षांनी साहेबाने तीच टेकडी घेतली. किसनदादा भेटायला गेले तेव्हा तो म्हणाला, “अरे किसन! तू अजून आहेस? ते गेट जरा लावून घे.”

त्या मोहिमेवरच त्याची सारी कीर्ती उभी होती. पुढे तो जनरल झाला, पण लोक त्याला ओळखायचे ते ‘बंडखोरांचा सेनापती’ म्हणून. गावात कोणी पाहुणा आला की त्याला टेकडीवर नेऊन ही गोष्ट ऐकवायची पद्धतच पडली होती. गोष्ट सांगायची त्याची तऱ्हा ठरलेली. टेबलावर नॅपकिनची घडी आडवी टाकायचा, ती नदी. व्हिस्कीचा ग्लास म्हणजे तो स्वतः. बशीतले एकोणीस खारे शेंगदाणे मोजून मांडायचा, ती तिथली पोरं. चमचा म्हणजे शत्रूची गस्त. मग एकेचाळीस दिवस, उडवलेला पूल, कापलेल्या तारा, शेवटी नदीकाठी पडलेला वेढा. “सगळ्यांना पार केलं आणि मी शेवटचा पाण्यात उतरलो,” असं म्हणून तो ग्लास उचलायचा. गोष्ट संपेपर्यंत शेंगदाणेही संपलेले असायचे. बोलता बोलता एकेक उचलून तोंडात टाकायची त्याला सवय होती.

एकदा मी विचारलं, “साहेब, या मुलांची नावं काय होती?”

“प्रोफेसर, तपशिलात शिरू नका. इतिहास निर्णयांचा असतो. निर्णय माझा होता. बाकी तपशील.”

‘तपशील’ हा त्याचा आवडता शब्द. बायकोचं दुखणं तपशील, गड्याचा थकलेला पगार तपशील, त्याने पायवाटेवर कुंपण घातल्याने बायकांना पाण्यासाठी पडलेला वळसा तपशील. मी माध्यमिक शाळेतला मास्तर, तो मला ‘प्रोफेसर’ म्हणायचा आणि मी ते दुरुस्त करत नव्हतो. मुलांच्या वहीत ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला होता, हे लक्षात घ्या.

ग्रंथासाठी मी एक दोनशेपानी वही केली होती. शाळेतल्या निबंधाच्या सवयीने डाव्या पानावर मूळ मजकूर आणि उजव्या पानावर दुरुस्ती. डावीकडे जनरलने सांगितलेलं उतरवायचं. तीच हकिकत दुसऱ्या कोणाकडून कळली तर समोर उजवीकडे लिहायची आणि छापताना दोन्ही ताडून पाहायची, असं मी ठरवलं होतं. पद्धत चांगली होती. आजही मला तिच्यात खोट सापडत नाही.

किसनदादांकडे गेलो तेव्हा ते अंगणात पावटे सोलत बसले होते. फौजेतून आल्यावर त्यांनी उरवड्याच्या एका कारखान्यात गेटवर वीस वर्षं काढली होती. तिथेही ते दारंच उघडत होते म्हणा. मी वही काढली तसे म्हणाले, “गुर्जी, आत्तापातूर कुनी इचारलं न्हाई. तुमी इचारताय म्हनून सांगतो. लिवायचं का न्हाई ते तुमी बगा.”

त्यांनी सांगितलेलं साधं होतं. वेढा पडला तेव्हा नदीकाठी होडी एकच होती आणि तीत दोनच माणसं मावायची.

“येका जागी साहेब बसला, दुसरीवर वायरलेसचा खोका ठिवला. साहेब म्हनला, किसन, तू पोरांजवळ ऱ्हा, मी पलीकडनं मदत घिऊन येतो. मी म्हनलं, व्हय साहेब. ऱ्हायलो. अकरा दिस ऱ्हायलो. मदत काय आली न्हाई. मग पोरांस्नी घिऊन भातखाचरातनं निघालो. गळ्यापातूर पानी. आपल्याला खाचराची सवं हाय, पाय कुटं ठिवायचा ते कळतं. चौदा आनली. पाच ऱ्हायली तितंच.”

“आणि साहेब?”

“छावनीत व्हता. दाढी करत व्हता. मला बगून म्हनला, आलास व्हय? सांजच्याला त्यानी समदं कागदावर लिवलं. म्या वाटंत चुकलो आन त्यानी पोरं आनली, असं. मला म्हनला, सही कर. केली.”

“का केली, दादा?”

“साहेब व्हता ना.” सालपटांचा ढीग त्यांनी बाजूला सारला. मग म्हणाले, “गुर्जी, येक ऱ्हायलं. साहेब भेकड न्हवता. पूल त्यानीच उडवला, माज्या डोळ्यादेकत. लई धाडसी गडी. पर त्या दिशी भ्याला. मानूस भितो की. मी न्हाई का भ्यालो? भ्यालो म्हनून सांगाया काय झालं त्याला?”

घरातून त्यांच्या बायकोचा, हौसावहिनींचा आवाज आला, “त्यो सांगंल, तर मंग जनरल कसा हुईल?”

किसनदादा हसले. मी उठायला लागलो तर त्यांनी माझ्या वहीवर हात ठेवला. “बाकी काय लिवलं न्हाई तरी चालंल. पर त्या पाच पोरांची नावं तेवडी घाला. त्यांच्या घरी कुनाला कळलंबी नसंल.” आणि बोटांच्या पेरांवर अंगठा सरकवत त्यांनी पाच नावं सांगितली, एवढ्या वर्षांनी, न अडखळता. मी ती उजव्या पानावर लिहून घेतली.

मुद्रितं घेऊन मी टेकडीवर गेलो ते विचारायचं असं ठरवूनच. रस्त्याने वाक्यंही जुळवत गेलो होतो. “साहेब, शेडगे वेगळं सांगतात, याचं काय करायचं?” एवढंच विचारायचं होतं. बंगल्याचं दार बंद होतं. मी घंटा वाजवणार एवढ्यात दार उघडलं आणि समोर तो स्वतः उभा. मागे गडी होता, तो चकित होऊन बघत होता. जनरलने आपल्या हाताने दार उघडलं होतं, ते धरून ठेवलं होतं आणि किंचित मान लववून तो म्हणाला, “या, प्रोफेसर. तुमच्यासाठी.”

लोक जमिनीसाठी विकले जातात, पोराच्या नोकरीसाठी विकले जातात. माझ्या गावात तशी पुष्कळ माणसं आहेत आणि मी त्यांना फार नावं ठेवत आलो. मी एका दारासाठी गेलो. आत जाऊन बसलो, चहा घेतला आणि वही पिशवीतून काढलीच नाही.

विषय मात्र त्यानेच काढला. त्याला कुठूनतरी कळलं असावं की मी शेडग्यांकडे जाऊन आलो. म्हणाला, “शेवटच्या प्रकरणात एक वाक्य घाला. त्या वेढ्यात माझा एक सोबती जागा सोडून पळाला. नाव नको. आपण मोठेपणा दाखवावा.” हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. मी तो चेहरा पुष्कळ आठवून पाहिला आहे. इतक्या वर्षांत त्याने ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली होती, इतके शेंगदाणे खाल्ले होते, की खरं काय ते त्याच्या पोटात केव्हाच पचून गेलं होतं. मला त्याची सर्वांत जास्त किळस येते ती याचीच. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं लक्षात ठेवावं लागतं. त्याने तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

मी वाक्य घातलं. आणि आता जे लिहितो ते लिहिण्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. त्याने सांगितलेलं वाक्य मला कोरडं वाटलं. प्रकरणाच्या शेवटी काहीतरी चटका लावणारं हवं होतं. म्हणून त्यापुढे मी माझ्या मनाने आणखी एक वाक्य जोडलं: ‘दुर्दैवाने तो आमच्याच मुळशीच्या मातीतला होता.’ हे वाक्य जनरलचं नाही, ते माझं आहे. लिहिल्यावर मी ते मोठ्याने वाचून पाहिलं होतं आणि मला ते आवडलं होतं.

मुळशीतला एकच माणूस त्याच्याबरोबर होता. वाचणाऱ्याला नावाची गरजच नव्हती.

पुण्यात थाटाचं प्रकाशन झालं. मला शाल मिळाली, व्यासपीठावर खुर्ची मिळाली, मुखपृष्ठावर माझं नाव आलं. वाचनालयासाठी आणि घरोघरी वाटायला जनरलने शंभर प्रती गावाला दिल्या. त्या वर्षी रांगेतले पहिले सुभेदार वारले होते आणि पंधरा ऑगस्टला पाळी किसनदादांची होती. हौसावहिनींनी त्यांचा कोट शहरात पाठवून धुऊन आणला होता. सकाळी सात वाजता ते पदकं लावून रांगेत पहिल्या जागी उभे राहिले. सरपंच आले ते जनरलला घेऊन. शाळेच्या कर्ण्यावरून सांगितलं गेलं की यंदा गावाच्या विनंतीला मान देऊन ध्वजारोहण जनरलसाहेब करतील. रांगेत मागून कोणीतरी पुटपुटलं, “पळपुट्याच्या हातानं झेंडा चढवायचा का मंग?” हे किसनदादांना ऐकू गेलं. मी त्यांच्यापेक्षा लांब होतो, तरी मलाही ऐकू आलं.

झेंड्याची गाठ शिपायाने सोडली आणि दोरीचं टोक जनरलच्या हातात दिलं. किसनदादांनी कडक सॅल्यूट केला, राष्ट्रगीत संपेपर्यंत हलले नाहीत, मग वळले आणि घरी गेले. लाडू घ्यायला थांबले नाहीत. पुन्हा ते रांगेत आले नाहीत.

महिनाभराने ते मला पिरंगुटच्या बाजारात भेटले. मी रस्ता ओलांडायच्या बेतात होतो, पण त्यांनी हाक मारली. स्वतःबद्दल अक्षर बोलले नाहीत. म्हणाले, “गुर्जी, माजा चष्मा फुटलाय, वाचाया जमंना. पोरांची नावं आली का वो पुस्तकात?”

मी म्हणालो, “पुढच्या आवृत्तीत येतील, दादा.”

“बरं बरं,” ते म्हणाले. दोन वर्षांनी ते गेले. पुढची आवृत्ती कधी निघाली नाही आणि निघणार नव्हती, हे मला तेव्हाच माहीत होतं.

जनरल मागच्या माघात गेला. तोफखान्याची गाडी आली, बिगूल वाजलं. शववाहिकेचं दार दोन जवानांनी उघडलं. शेवटपर्यंत त्याची सोय झाली. तेराव्यानंतर गावाने ठरवलं की वेशीवर त्याच्या नावाची कमान बांधायची आणि तिच्यावरच्या संगमरवरी पाटीचा मजकूर अर्थात गुरुजींनी लिहायचा.

मी हो म्हणालो आणि वही घेऊन हौसावहिनींकडे गेलो. त्या आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, डोळे मात्र लख्ख. मी म्हणालो, “वहिनी, दादांनी सांगितलेलं सगळं माझ्याकडे लिहिलेलं आहे. वाचून दाखवतो.”

“मला कशापायी?” त्या म्हणाल्या. “मला म्हाईत न्हाई व्हय? ज्यांनी तवा टाळ्या वाजीवल्या त्यांस्नी वाचून दावा. तुमाला मास्तर म्हनून वरडायची सवं हाय की. वरडा जरा.”

एक मेच्या ग्रामसभेत मी कमानीचा मजकूर म्हणून उभा राहिलो आणि उजवीकडची पानं वाचली. होडी, अकरा दिवस, भातखाचरं, दाढी, सही. शेवटी ‘मुळशीच्या मातीतला’ हे वाक्य कोणाचं तेही सांगितलं. तरुण सरपंच गडबडला. म्हणाला, “गुरुजी, मग आम्ही खरं काय धरायचं? छापलेलं पुस्तक का ही वही?”

“दोन्ही माझ्याच हातची आहेत,” मी म्हणालो. “पुस्तक मी भीत लिहिलं.”

आता रांगेत पहिले असलेले भाऊ ढमाले, निवृत्त हवालदार, मागून उठले. “गुर्जी, त्या पंधरा आगष्टला तुमी तितं व्हता. मी पुटपुटलो ते तुमी ऐकलं. माज्याकडं बगितलंबी. येक शबुद बोलला असता तर मी किसनदाचं पाय धरलं असतं. आता कुनाचं धरू?”

मी वही मिटली आणि खाली बसलो. कमानीचा विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. खांब उभे आहेत, वर पाटी नाही. काही जण माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

परवाच्या पंधरा ऑगस्टला भाऊ हवालदारांची पाळी होती. सगळे जमले, शिपायाने गाठ सैल केली, तसे भाऊ दोरी न धरता बायकांच्या घोळक्याकडे गेले आणि म्हणाले, “वयनी, या. किसनदाची पाळी ऱ्हायली हाय. तुमी वढा दोरी.”

हौसावहिनी जागच्या हलल्या नाहीत. “ती पाळी माजी न्हाई, भाऊजी. मी कुटं फौजेत व्हते? तुमची हाय, तुमी वढा.” मग त्यांनी घोळक्यावरून माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, पण कर्णा लावल्यासारखा मैदानभर ऐकू आला. “गुर्जी, त्यांनी तुमच्यापाशी येकच मागितलं व्हतं. ते आदी द्या. मंग झेंडा.”

वही माझ्या पिशवीत होती. एक मेपासून ती पिशवीतच असते. मी रांगेपुढे जाऊन उभा राहिलो, उजवं पान काढलं आणि किसनदादांनी सांगितली त्याच क्रमाने वाचलं.

रफिक. सुबल. जमाल. निताई.

पाचव्याचं खरं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. सगळे त्याला मास्टर म्हणायचे. “तितल्या साळंत शिकवायचा,” किसनदादा म्हणाले होते, शेवटच्या पेरावर अंगठा ठेवून. “तुमच्यावानी.”